रोपाचा पहिला महिना

टोमॅटोचे एक बीज तळहातावर ठेवले तर त्याचा भार जाणवत नाही. अशी सुमारे ३०० बीजे एकत्र केली म्हणजे एक ग्रॅम वजन भरते. या इवल्याशा कणातून तीन-चार महिन्यांत कमरेइतके उंच आणि फळांनी लगडलेले झाड उभे राहते. ही गोष्ट नित्याची असल्यामुळे तिचे नवल वाटेनासे झाले आहे. परंतु परसात, गच्चीवर अथवा शाळेच्या आवारात ज्यांनी बी पेरले आहे, त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. सायंकाळी हिरवीगार दिसलेली रोपांची ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर आडवी पडलेली आढळते. खत घातलेले असते, पाणीही घातलेले असते, आणि तरीही रोपे मरतात. पुष्कळदा तर पाणी घातल्यामुळेच ती मरतात.

वनस्पतीच्या आयुष्यातील हा पहिला महिना अत्यंत धोक्याचा असतो. मातृवृक्षाने बांधून दिलेली शिदोरी या अवधीत संपत जाते आणि रोपाला स्वतःच्या कमाईवर जगणे शिकावे लागते. रोपांची निगा राखणे म्हणजे हा पालट निर्विघ्नपणे पार पडू देणे होय. त्यासाठी बीजाच्या आत काय घडते, हे प्रथम समजून घेणे इष्ट ठरते.

बीजातील शिदोरी

प्रत्येक बीजात एक चिमुकली वनस्पती, म्हणजेच गर्भ, सुप्तावस्थेत असते. गर्भासाठी अन्नाचा साठाही असतो. वाटाणा, घेवडा यांसारख्या बीजांत तो जाड बीजपत्रांत असतो, तर टोमॅटो, वांगे, मिरची यांच्या बीजांत गर्भाभोवतालच्या पुष्क नावाच्या थरात असतो. कोरड्या बीजाचे जीवनव्यापार जवळजवळ थांबलेले असतात. पाणी, हवा आणि योग्य उष्णता या तीन गोष्टी मिळाल्या म्हणजे ते जागे होते.

प्रथम बीज पाणी शोषून फुगते. ही केवळ भौतिक क्रिया असल्यामुळे मेलेले बीजही फुगते. म्हणून फुगणे हे उगवण्याचे लक्षण मानता येत नाही. जिवंत बीजात मात्र यानंतर श्वसन वेगाने सुरू होते. जिबरेलिन नावाचे संप्रेरक कामाला लागते. त्याच्या प्रभावाने निर्माण होणारी एंझाइमे पुष्काचे कठीण आवरण सैल करतात आणि साठविलेल्या अन्नाचे विद्राव्य पदार्थांत रूपांतर होते. जिबरेलिन तयार न करू शकणारे टोमॅटोचे उत्परिवर्तित वाण प्रयोगशाळांत अभ्यासले गेले आहेत. त्यांचे बी बाहेरून जिबरेलिन पुरविल्याखेरीज उगवत नाही.

बीजातून प्रथम मूळ बाहेर पडते. कोंब मागून येतो. पाण्याची सोय होण्यापूर्वी पाने उघडण्यात शहाणपण नाही, असाच जणू हा क्रम आहे. नंतर खोडाचा वरचा भाग आकड्यासारखा वाकून माती बाजूला सारतो आणि नाजूक शेंड्याला आपल्यामागून ओढून वर आणतो. प्रकाश लागताच आकडा सरळ होतो, बीजपत्रे पसरतात व हिरवी होतात. येथून रोप स्वतःचे अन्न तयार करू लागते.

बी किती खोल पेरावे, याचे उत्तर यातच दडलेले आहे. फार खोल गाडलेल्या बीजाची शिदोरी प्रकाशापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. सामान्यतः बीजाच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोली पुरेशी होते. टोमॅटो, वांगे आणि मिरची यांच्यासाठी एक सेंटीमीटरहून अधिक खोली लागत नाही.

पेरलेले प्रत्येक बीज उगवत नाही. भारतात प्रमाणित बियाण्याच्या किमान मानकांनुसार टोमॅटो व वांगे यांची उगवणशक्ती ७० टक्के आणि मिरचीची ६० टक्के असावी लागते. त्यामुळे दहांपैकी दोन-तीन बीजे न उगवल्यास माळ्याने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. घरी साठविलेल्या जुन्या बियांची मात्र आधी परीक्षा घ्यावी. ५० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात आणि दहा-बारा दिवसांत किती मोडावल्या ते मोजावे.

ऋतूची निवड

टोमॅटोचे बी २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम उगवते. सुमारे २५ अंशांवर पाच ते सात दिवसांत कोंब दिसू लागतात. मिरचीला याहून अधिक दिवस लागतात. तापमान १० अंशांच्या आसपास उतरले की उगवण अतिशय मंदावते. अशा थंड, ओल्या मातीत बी जितके अधिक दिवस पडून राहते, तितका ते कुजण्याचा संभव वाढतो.

आपला देश विस्तीर्ण असल्यामुळे पेरणीची एकच तारीख सर्वत्र लागू पडत नाही. महाराष्ट्रात पावसाळी टोमॅटोची रोपे मे-जूनमध्ये आणि हिवाळी पिकाची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार करतात. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात वसंत ऋतूतील पिकासाठी बी नोव्हेंबरच्या सुमारास पेरतात आणि कडाक्याच्या थंडीत रोपांवर रात्री गवताच्या तट्ट्यांचे अथवा पॉलिथिनचे आच्छादन घालतात. हिमालयाच्या उंच भागात पेरणी मार्च-एप्रिलपर्यंत लांबते. कुठल्याही गावी पंचांगापेक्षा मातीच्या उबेकडे पाहून निर्णय घेणे अधिक सुरक्षित असते.

वाफसा

मराठी शेतकऱ्याच्या भाषेत ‘वाफसा’ हा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. जमीन चिखलासारखी ओली नाही आणि कोरडीही नाही, तिच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही आहेत, अशी स्थिती म्हणजे वाफसा. रोपवाटिकेचे सारे शास्त्र या एका शब्दाभोवती फिरते. मुळेही श्वसन करतात. सर्व पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की त्यांना प्राणवायू मिळेनासा होतो, ती तपकिरी पडतात आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानेने व्याकुळ झाल्यासारखे माना टाकते. ते पाहून अनभिज्ञ मनुष्य आणखी पाणी घालतो.

वाफसा ओळखण्याची रीत सोपी आहे. मूठभर माती दाबावी. तिचा गोळा व्हावा, परंतु बोटाच्या हलक्या स्पर्शाने तो फुटावा. दाबताना पाणी निथळले तर माती अद्याप फार ओली आहे.

ही स्थिती टिकून राहावी म्हणून रोपांसाठी जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटर उंच गादीवाफा करतात. त्यामुळे जादा पाणी कडेने निघून जाते. गच्चीवर अथवा सज्जात पसरट कुंडी, लाकडी खोके किंवा पत्र्याचा डबा चालतो. मात्र त्याच्या तळाला भोके असलीच पाहिजेत. माती, वाळू आणि पूर्ण कुजलेले खत समभाग घेऊन चाळून मिसळावे. अर्धवट कुजलेले शेणखत वापरू नये, कारण रोगकारक बुरशींना ते आयतेच खाद्य होते. पाच ते सात सेंटीमीटर अंतरावर उथळ रेघा पाडून त्यांत विरळ बी पेरावे, बारीक खताने झाकावे आणि वर वाळलेल्या गवताचा पातळ थर द्यावा. बारीक छिद्रांच्या झारीने सकाळी पाणी शिंपडावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग सुकतो. कोंब दिसू लागताच गवत काढून टाकावे. ते दोन दिवसही अधिक राहिले तर रोपे त्याखाली पिवळी व लांबट होतात.

प्रकाशाकडे वळणारी मान

खिडकीतील रोपे प्रकाशाकडे झुकतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या हालचालीचा शोध घेतला आहे. गवताच्या कोंबाचे टोक अपारदर्शक टोपीने झाकले की कोंब वळेनासा होतो, असे त्यांना आढळले. प्रकाश जाणणारा भाग टोकाला होता आणि वळणारा भाग त्याच्या खाली होता. टोकाकडून खाली जाणारा संदेश एका रासायनिक पदार्थाचा आहे, हे डच शास्त्रज्ञ वेंट यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखविले. हा पदार्थ म्हणजे ऑक्सिन. ते सावलीच्या बाजूला अधिक जमते, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात आणि कोंब प्रकाशाकडे वळतो.

प्रकाश अपुरा पडला की रोप उंच आणि सडपातळ होते. पाहणाऱ्याला ही भरभराट वाटते. वस्तुतः ते रोप उजेडाच्या शोधात आपले उरलेसुरले भांडवल खर्चीत असते. बीजपत्रे उघडल्यानंतर रोपांना रोज पाच-सहा तास तरी कोवळे ऊन मिळावे. दाट उगवलेली रोपे एकमेकांवर सावली धरतात. म्हणून अशा ओळीतील दुबळी रोपे काढून दोन रोपांत दोन-तीन सेंटीमीटर अंतर ठेवावे. उगवलेली रोपे उपटून टाकणे जिवावर येते. पण सर्वच राखण्याच्या मोहापायी सर्वच दुबळी राहतात.

रोपे कोलमडतात तेव्हा

रोपांच्या सामुदायिक मृत्यूचे कारण बहुधा पिथियम अथवा ऱ्हायझोक्टोनिया यांसारखे मातीतील सूक्ष्म जीव असतात. खोडाचा जमिनीलगतचा भाग पाणचट होतो, बारीक पडतो आणि वरील हिरवा भाग आडवा होतो. बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेतील कवकशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी १९०७ साली पिथियमविषयीचा आपला विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. पिथियमला पूर्वी बुरशींत गणत असत. आज त्याचे वर्गीकरण खऱ्या बुरशींहून वेगळ्या अशा एका गटात करतात. त्याची बीजुके शेपटीसारख्या तंतूंच्या साह्याने पाण्यात पोहतात. साचलेले पाणी हाच त्यांचा राजमार्ग होय. पाणी कमी करणे, रोपे विरळ ठेवणे आणि वारा खेळू देणे हे उपाय त्यामुळेच औषधांइतके मोलाचे ठरतात. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी बियांना चोळल्यास तीही या शत्रूंना आवर घालते.

पेरणीपूर्वी माती उष्णतेने निर्जंतुक करण्याचा उपायही आहे. इस्राएलमध्ये कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले, की ओलसर मातीवर पारदर्शक पॉलिथिन घट्ट पसरून ती कडक उन्हात काही आठवडे ठेवली असता पुष्कळ रोगजंतू व तणांचे बी नष्ट होते. एप्रिल-मे महिन्यांत भारताच्या बहुतेक भागांत हा प्रयोग चार ते सहा आठवडे सहज करता येतो. कोकणात भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेणी व फांद्या जाळून ‘राब’ भाजण्याची जी जुनी चाल आहे, तीतही उष्णतेचे हेच तत्त्व आहे. मात्र त्यासाठी झाडे छाटावी लागतात. सूर्याची उष्णता वापरली तर झाडे वाचतात.

पांढरी माशी टोमॅटोच्या पानांना मुरडा आणणारा विषाणू पसरविते. तिला दूर ठेवण्यासाठी वाफ्यावर बारीक जाळीचे नायलॉनचे कापड कमानींवर ताणून बसवितात.

काटकपणा आणि स्थलांतर

आडोशात वाढलेले रोप एकाएकी मोकळ्या रानात नेले तर ते करपते. म्हणून स्थलांतरापूर्वी आठ-दहा दिवस पाणी हळूहळू कमी करावे आणि ऊन व वारा हळूहळू वाढवावा. पानांवरील मेणचट थर त्यामुळे जाड होतो. वाऱ्याच्या झुळुकांनी हलणारे रोप बुटके व मजबूत होते, याचीही शास्त्रीय प्रचीती आली आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॅफी यांनी १९७३ साली असे दाखविले, की खोडाला वारंवार हलकेच चोळले तरी त्याची उंची खुंटते आणि जाडी वाढते.

टोमॅटोचे रोप सुमारे २५ ते ३० दिवसांत, चार ते सहा खरी पाने आल्यावर हलवितात. मिरचीला ३५ ते ४५ दिवस लागतात. आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्यावे, मुळांभोवतीची माती न झाडता रोप काढावे आणि ते ऊन उतरल्यावर लावावे. टोमॅटोच्या खोडाला मातीत नवी मुळे फुटतात, म्हणून उंच वाढलेले रोप थोडे खोल लावणे हिताचे असते. गाजर, मुळा आणि भेंडी यांच्या सोटमुळाला हा प्रवास सोसत नाही. त्यांचे बी जागेवरच पेरावे.

शाळेसाठी एक प्रयोग

शाळेतील मुलांना तीन डब्यांत हे सर्व प्रत्यक्ष पाहता येईल. तिन्ही डब्यांत सारखीच माती भरावी आणि प्रत्येकात टोमॅटोच्या २० बिया पेराव्यात. पहिल्या डब्याला तळाशी भोके पाडू नयेत व त्यात रोज भरपूर पाणी घालावे. दुसऱ्यात वाफसा राखावा आणि तो उन्हाच्या जागी ठेवावा. तिसऱ्यातही वाफसा राखावा, पण तो खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. किती रोपे उगवली, त्यांची उंची किती झाली आणि किती मेली, याची नोंद वहीत रोज करावी. चौथ्या आठवड्यात प्रत्येक डब्यातील उरलेली रोपे मुळांसकट हलकेच काढून धुवावीत व पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडावीत. अंधारातील एखादे रोप जगले असेल, तर कदाचित तेच सर्वांत उंच भरेल. पण दाट, पांढरी आणि शाखायुक्त मुळे मधल्या डब्यातील रोपांनाच असतील.