लेण्याद्री चढताय? लाव्हाच्या डोंगरावरचे शेजारी आधी ओळखा

ज्वालामुखीतून तयार झालेल्या गालापागोस बेटांवर क्रूझने जाणाऱ्या पर्यटकांना प्राण्यांपासून किमान २ मीटर दूर राहावं लागतं. सोबत अधिकृत गाइडही लागतो. ज्वालामुखीचा खडक जुन्नरजवळच्या लेण्याद्रीतही आहे आणि त्यावर वन्यजीवही आहेत. इथे अंतर मात्र आपणच राखायचं.

डोंगर कसा तयार झाला?
सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. तोच आपला काळा बेसॉल्ट. कठीण थर टिकतो, मधला मऊ थर झिजतो. त्यामुळे कड्याला आडव्या कपारी पडतात. याच खडकात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेणी कोरली गेली. सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे.

कोण दिसतं?
पायऱ्यांवर माकडं, कपारीत पारवे, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. माकडांना खाऊ दिला की ती पुढच्या भाविकाची पिशवी ओढतात. अशा कड्यांना आग्या मोहोळंही लागतात. धूर, उग्र अत्तर आणि दगड मारणं टाळा. माश्या उठल्याच, तर डोकं-चेहरा झाकून लांब पळा, हात झटकू नका.

बिबट्या दिसेल का?
तो पाहायची गोष्ट नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्याला वर्षभर आडोसा मिळाला. मादी उसातच पिल्लं घालते.

पकडून दूर का सोडत नाहीत?
तो प्रयोग इथेच झाला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते. २००१नंतर बिबटे पकडून जंगलात सोडायला सुरुवात झाल्यावर ते १७वर गेले. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्रही प्राणिसंग्रहालय नाही.

काय कराल?
अंधारापूर्वी खाली उतरा. उसाच्या कडेला गाडी थांबवून सेल्फी नको, मुलांना एकटं सोडू नका. उसात पिल्लं दिसली तर हात लावू नका, मादी जवळच असू शकते. तिथून दूर व्हा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आपण संध्याकाळी घरी परततो. इथला शेतकरी मात्र रात्री त्याच उसात पाणी द्यायला जातो.