कटर मशीन आणि कारागिराची बोटे

सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा धंदा करणाऱ्याला मे महिना म्हणजे काय हे सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडतात आणि त्याआधीचे पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसते. २०२२ च्या मे महिन्यात माझ्या दुकानात मालाची गाठोडी जमिनीवर पडली होती, म्हणून नव्या रॅकचे काम काढले. भवानी पेठेतल्याच एका सुतार मिस्त्रींना ते दिले. त्यांचे नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटले आहे. घराच्या पुढच्या पडवीत त्यांचा कारखाना. कारखाना कसला, एक प्लायवूडचे टेबल, एक ड्रिल, एक रंधा मशीन आणि एक चार इंची कटर. मी म्हणालो, "मिस्त्री, दहा दिवसांत द्या, वर पाचशे रुपये जास्त घ्या." ते म्हणाले, "देतो शेठ."

सातव्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांचा मुलगा धावत आला. डाव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे आणि मधल्या बोटाचे एक पेर कटरमध्ये गेले होते.

आपल्यातले किती तरी भाई सुतारकाम, फर्निचर, दार-खिडक्यांच्या कामात आहेत आणि बहुतेकांचा कारखाना घरातच आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. मी कापडाचा माणूस, लाकडातले मला कळत नव्हते. त्या रात्रीनंतर विचारून, पाहून आणि वाचून जे कळले ते देतो.

हा चार इंची कटर मुळात फरशी कापण्याचा. त्याला लाकडाचे दातेरी पाते लावले की प्लायवूड कापता येते. स्वस्त आहे, हलका आहे, म्हणून घरोघर गेला. पण फळी लांब असली आणि सरळ कापायची असली की हातात धरून काम नीट होत नाही. मग मिस्त्री लोक युक्ती करतात. टेबलाला खालून भोक पाडतात, कटर उलटा करून बांधतात, पाते वर काढतात आणि त्याचे संरक्षक झाकण काढून टाकतात, कारण झाकण टेबलात बसत नाही. बटण दाबून अडकवून ठेवतात. झाली टेबल करवत. पण मशीन जागेवर राहते आणि लाकूड ढकलणारे हात पात्याकडे जातात. ज्यांनी हे मशीन बनवले त्यांनी उलट हिशेब केला होता. लाकूड जागेवर आणि दोन्ही हात मशीनच्या मुठीवर.

वेगाचा अंदाज आपल्याला येत नाही. आपल्या साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. धोटा उडून लागला तर डोके फुटते हे आपण पाहिले आहे, पण निदान तो दिसतो आणि त्याचा ठेका कानाला कळतो. कटरचे पाते मिनिटाला बारा हजार फेऱ्या घेते. चार इंचाच्या थोड्या वरच्या पात्याची धार मग सेकंदाला सुमारे ६९ मीटर पळते, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. पात्याला ४० दाते असतील तर सेकंदाला आठ हजार दाते एका जागेवरून जातात. माणसाला काही लागले आणि त्याने हात मागे घेतला, यात पाव सेकंद जातो. तेवढ्यात दोन हजार दाते गेले. "मी सावध असतो" म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

मिस्त्री सावधच होते, वीस वर्षांचा हात होता. झाले असे की नऊच्या सुमारास लाइट गेली. कटर थांबला, बटण मात्र अडकवलेलेच राहिले. पात्याजवळ अडकलेली एक चिपटी काढायला त्यांनी हात घातला आणि लाइट आली.

मोठ्या मोटरला आपण स्टार्टर बसवतो. लाइट गेली की स्टार्टर सुटतो आणि परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. यंत्रमागाच्या गावात हे पोरासोरांना ठाऊक आहे. तीच सोय असलेला स्विच सुताराच्या टेबलालाही मिळतो. मिस्त्रींच्या शेजारीच मागाचा कारखाना आहे, त्यांच्याकडे स्टार्टर होता आणि यांच्याकडे पिनेचा साधा बोर्ड.

दुसरी गोष्ट लाकडाच्या उसळण्याची. फळी अर्धी कापून झाली की कधी कधी कापलेल्या दोन्ही बाजू आत मिटतात आणि पात्याला चिमटा बसतो. पात्याचा मागचा भाग खालून वर येत असतो, तो फळीला उचलून अंगावर फेकतो. फळी पुढे जोराने निघून गेली की तिला दाबून धरलेला हात मोकळा होतो आणि नेमका पात्यावर पडतो. याला उपाय फार जुना आहे. पात्याच्या लगेच मागे पोलादाची एक उभी पट्टी बसवतात. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असते. तिच्यामुळे काप मिटत नाही. मोठ्या कारखान्यांच्या नियमांत ही पट्टी, वरचे झाकण आणि लाकूड ढकलायची काठी या तिन्ही गोष्टी आहेत. पण बाप आणि दोन मुले पडवीत काम करतात तिथे कारखान्याचा कायदा पोचत नाही आणि तपासनीसही येत नाही.

माझीही एक चूक सांगतो. मिस्त्री घरी आल्यावर मी त्यांच्यासाठी चामड्याचे जाड हातमोजे घेऊन गेलो. आमच्याकडे कापडाचे थर कापणारा कटिंग मास्टर हातात पोलादी जाळीचा मोजा घालतो, त्यावरून मला वाटले. मिस्त्री हसले. म्हणाले, "शेठ, हे घातले असते तर दोन बोटांवर भागले नसते." कापडाची सुरी खालीवर चालते, जाळीवर आपटते आणि थांबते. गोल पाते मोज्याचे टोक पकडते आणि सगळा हात आत ओढते. म्हणून फिरत्या पात्याजवळ मोजा, सैल बाही, गळ्यातला रुमाल, मनगटातला धागा काहीच नको. मोजे मी परत आणले, अजून दुकानात पडून आहेत.

त्या रात्री सर्वांत वाईट गोष्ट घडली ती मायेपोटी घडली. शेजारच्या एका पोराने तुटलेली पेरे उचलली आणि ग्लासभर बर्फात घालून दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी पाहून सांगितले की पात्याने चिंधड्या झाल्या आहेत आणि बर्फ थेट लागून मांस गोठले आहे, जोडता येणार नाही. नीट आणली असती तर जुळली असती असे मी म्हणणार नाही. करवतीचा काप सुरीसारखा साफ नसतो, दोन-तीन मिलिमीटर हाडमांस तो खाऊनच टाकतो. पण जुळण्याची जी आशा असते तीही गेली. तुटलेला अंगठा पूर्ण जोडण्याची शस्त्रक्रिया जपानात कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी १९६५ मध्ये केली, त्याला साठ वर्षे झाली. आपल्या देशातही मोठ्या शहरांत हे काम होते. तेव्हा रीत लक्षात ठेवा. हाताच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. अंगठी असेल तर लगेच काढा. चुना, हळद, कॉफी काही भरू नका. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलका धुऊन ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ तुकड्याला लागता कामा नये. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे असे गार ठेवलेले बोट बराच वेळ, अगदी बारा तासांच्या पुढेही टिकू शकते. उघड्यावर, आपल्या उन्हाळ्यात, ती मुदत फार कमी होते. जखमीला चहासुद्धा पाजू नका, भूल द्यावी लागते. आणि निघण्याआधी फोन करून विचारा की हाताचे, सूक्ष्म शिवणीचे डॉक्टर आहेत का. नाही तर एका दारातून दुसऱ्या दारात रात्र जाते, आमची गेली.

आता पैशाचे. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात बोटांचा तक्ताच होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरायचे, तर्जनीची दोन पेरे गेली तर ११ टक्के, मधल्या बोटाचे एक पेर गेले तर ७ टक्के. मिस्त्रींची बेरीज १८ टक्के. वय चाळीस. ते कुणाकडे महिना पंधरा हजारांवर नोकर असते तर साठ टक्के म्हणजे नऊ हजार, त्याला चाळीस वयाचा गुणक १८४.१७ आणि त्याचे १८ टक्के, असे दोन लाख अठ्ठ्याण्णव हजारांच्या वर मालकाला द्यावे लागले असते. पण ते स्वतःच मालक, स्वतःच कामगार. त्यांना शून्य. त्यांच्याकडे बँकेतला प्रधानमंत्री सुरक्षा विमा होता, आता वर्षाला वीस रुपये लागतात तो. मी मोठ्या आशेने कागद वाचला. त्यात एक लाख मिळतात ते पूर्ण हात किंवा पूर्ण पाय निकामी झाला तर, किंवा एका डोळ्याची नजर गेली तर. दोन बोटांना काही नाही. दवाखान्याचा खर्च मी अर्धा दिला. कायद्याने माझ्यावर काही नव्हते, पण दहा दिवस मीच म्हटले होते.

आम्हा कापडवाल्यांत अंगठ्यांची एक जुनी गोष्ट चालते, की कंपनी सरकारने ढाक्याच्या मलमल विणणाऱ्यांचे अंगठे तोडले. विल्यम बोल्ट्सने १७७२ च्या पुस्तकात लिहिले आहे ते थोडे वेगळे आहे. कच्चे रेशीम उकलणाऱ्या कारागिरांनी जबरदस्तीच्या कामातून सुटण्यासाठी स्वतःच अंगठे कापून घेतले, असे तो सांगतो. आमच्या पेठेत जबरदस्ती कुणी केली नव्हती. घाईचे पाचशे रुपये मी जास्त देऊ केले होते, इतकेच.

अमेरिकेत घरी सुतारकाम करणारे शौकीन फार. तिथे टेबल करवतीने दरवर्षी सुमारे तीस हजार लोक जखमी होतात आणि दिवसाला दहाच्या आसपास अंगच्छेद होतात, असे तिथल्या सरकारी खात्याचे आकडे आहेत. स्टीव्ह गॅस नावाच्या वकिलाने, तो पदार्थविज्ञानही शिकलेला आणि घरी सुतारकाम करणारा, १९९९ मध्ये एक युक्ती काढली. पात्यातून बारीकसा विजेचा संकेत जात राहतो. बोट लागताच तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा उसळून पात्यात रुततो. सेकंदाच्या दोनशेव्या भागात पाते थांबते, बोटाला ओरखडा येतो. मोठ्या कंपन्यांनी ते घेतले नाही, तेव्हा त्याने साथीदारांसह स्वतःची कंपनी काढली आणि २००४ पासून करवती विकल्या. आपल्या पडवीला त्या करवतीची किंमत झेपणारी नाही. आपल्याकडे हा आकडा मोजणारेच कुणी नाही. घरातल्या कारागिराचे बोट कुठल्याच वहीत लिहिले जात नाही.

मिस्त्रींनी चार महिन्यांनी काम पुन्हा सुरू केले. उलटा बांधलेला कटर त्यांनी काढला. आता फळी दोन शिकंज्यांनी टेबलाला आवळतात, बाजूला सरळ पट्टी लावतात आणि झाकण असलेला कटर दोन्ही हातांनी धरून पट्टीच्या आधाराने चालवतात. लाकूड धरायला हात लागतच नाही. अरुंद पट्ट्या प्लायवूडच्या दुकानातून मोठ्या मशीनवर कापून आणतात, थोडे पैसे जातात. रंधा मशीनवर आखूड तुकडा धरत नाहीत, तो हातरंध्याने करतात. बोर्डाला लाइट गेल्यावर सुटणारा स्विच बसवला आहे. पाते बदलताना पीन काढून खिशात ठेवतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, रोजचे पाचशे रुपये आणि अवजारांसाठी पंधरा हजार मिळतात. ज्यांनी नाव घातले आहे त्यांनी अवजारे घेताना झाकण, शिकंजे आणि असा स्विच आधी मागावा, दुसरा कटर मागाहून.

मुलगा आता हाताखाली आहे, अठरा वर्षांचा. त्याचा हात वेगवान आहे आणि शिकंजा आवळण्यात वेळ जातो म्हणून तो कुरकुर करतो. मिस्त्री काही बोलत नाहीत, डावा हात टेबलावर ठेवतात.

रॅक त्या वर्षी जुलैत मिळाले. दुसऱ्या बाजूच्या रॅकचे काम मी या खेपेला फेब्रुवारीत दिले आहे.