टर्बो बूस्ट गेज बदलून देणं : काम छोटं, पण पैसे नेमके कशाचे घ्यायचे?

गॅरेज किंवा कार ॲक्सेसरीजचं दुकान सुरू करायचा विचार करताय? मग आजचा विषय तुमच्या कामाचा आहे.

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. तो दाब किती आहे हे बूस्ट गेज दाखवतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कंपनीचा बूस्ट गेज येतच नाही, म्हणून उदाहरण अमेरिकेचं घेऊ. १९९० च्या दशकातली मित्सुबिशी एक्लिप्स टर्बो. तिच्या मीटरमध्ये कंपनीचा बूस्ट गेज होता, तरी हौशी मालक वेगळा गेज लावून घ्यायचे. का?

कंपनीचा काटा दाब मोजतच नव्हता!

इंजिनात किती हवा जाते यावरून गाडीचा कॉम्प्युटर हिशोब करायचा आणि काटा हलवायचा. म्हणजे दुकानात किती गिऱ्हाईकं शिरली हे मोजून गल्ल्यात किती जमले ते सांगण्यासारखं. वाटेत पाइप फुटून हवा गळाली, तरी काटा खुशाल. अशा काट्यावर विसंबून मालकाने बूस्ट वाढवला, तर इंजिनाचे पिस्टन जाऊ शकतात. म्हणजे गिऱ्हाईक तुमच्याकडे शोभेची वस्तू घ्यायला येत नाही, खरा आकडा घ्यायला येतं.

काम कसं करायचं?

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

२. दाब थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डमधून घ्या. तिथल्या नळीत टी जॉइंट टाका आणि क्लिपने घट्ट करा.

३. मेकॅनिकल गेज असेल तर बारीक नळी थेट केबिनमध्ये येते. इलेक्ट्रिक गेज असेल तर सेन्सर बॉनेटखाली राहतो, आत फक्त वायर येते.

४. नळी असो वा वायर, फायरवॉलमधून रबरी ग्रोमेटमधूनच न्या. पत्र्याची धार लागली की ती कापली जाते. टर्बो आणि सायलेन्सरच्या गरम पाइपांपासून लांब ठेवा.

५. वीज चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून घ्या, मध्ये फ्यूज टाका. गेज ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर लावायचा असेल तर आत एअरबॅग आहे का, ते आधी बघा.

तपासणी, हीच तुमची खरी कमाई

चावी चालू, इंजिन बंद : काटा शून्यावर हवा. पेट्रोल गाडी आयडलवर असेल तर तो शून्याच्या खाली, व्हॅक्यूमकडे गेला पाहिजे. डिझेलमध्ये तसं दिसेलच असं नाही, त्यामुळे घाबरू नका. आयडल हलायला लागलं तर पहिल्यांदा तुमचाच जॉइंट तपासा.

आता पैशांचं बोलू

बिलात तीन ओळी वेगळ्या दाखवा : सामान, मजुरी, तपासणी. सामानाची किंमत गिऱ्हाईक मोबाइलवर बघून येतं, तिथे घासाघीस होणारच. पण तपासणीचे आकडे जॉब कार्डवर लिहून त्याच्या हातात दिलेत, तर तुमची तुलना गेजच्या किमतीशी होत नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर बदलाचा तिच्यावर काय परिणाम होईल ते कंपनीला आधी विचारून यायला सांगा. आजचं एक काम गेलं तरी चालेल, उद्याचं भांडण टळतं.

आजचा गृहपाठ : तुमच्या धंद्यात तुम्ही कोणता आकडा मोजता आणि कोणता अंदाजाने धरता? वहीत दोन रकाने करा आणि लिहून काढा. भेटूया पुढच्या भागात!