नाताळच्या गोठ्यातील मुके पाहुणे

दमणगंगेच्या काठी वसलेल्या सिल्वासात डिसेंबर उजाडतो, तेव्हा भाताची कापणी आटोपलेली असते. घरामागे पेंढ्याची उडवी उभी राहते, रात्री गारवा पडू लागतो आणि पोर्तुगीज अमदानीतील जुन्या चर्चमध्ये नाताळची तयारी सुरू होते. 1783 मध्ये मराठ्यांनी नगरहवेली पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि 1954 मध्ये हा मुलूख त्यांच्या हातून मुक्त झाला. राज्य गेले, परंतु नाताळ मात्र राहिला. हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला असून त्याचा संबंध जन्माशी आहे.

तो जन्म गोठ्यात झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात उल्लेख आहे तो केवळ गव्हाणीचा. बैल आणि गाढव तेथे नाहीत. ती दोघे यशया प्रवाचकाच्या एका वचनावरून पुढे परंपरेने आली आणि 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने त्यांना खरोखरच आणून उभे केले. गवताने भरलेली गव्हाण, जिवंत बैल, जिवंत गाढव आणि भोवती मशाली घेतलेले गावकरी, असा तो देखावा होता. घरोघरी मांडल्या जाणाऱ्या गोठ्याला त्यानंतरच खरा बहर आला. तेव्हा या सणात जनावरांना वाटेकरी करणे ही काही आजची हौस नव्हे. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री गुराढोरांनाही पवित्र पापडीचा तुकडा देण्याची चाल आहे. वसुबारस आणि पोळा पाळणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मग घरच्या घरी काय करावे? पहिले काम गोठ्याचेच. बांबूच्या कामट्या, भाताचा पेंढा आणि माती एवढ्यावर उत्तम गोठा उभा राहतो. गोव्यात नाताळपूर्वी नाचणी किंवा गहू पसरट भांड्यात पेरतात, आठदहा दिवसांत हिरवळ उगवते आणि तिचे शेत गोठ्यापुढे मांडतात. हे काम मुलांकडे सोपवावे. गव्हाच्या कोवळ्या पात्या मांजराला फार आवडतात, म्हणून एक वाटी तिच्या नावाने वेगळी पेरावी, म्हणजे गोठ्यापुढील शेत वाचेल! थर्मोकोल आणि चकाकीचे कागद मात्र वर्ज्य समजावे. सण सरल्यावर ते उकिरड्यावर जातात, तेथून गाईच्या पोटात जातात आणि एकदा आत गेले की शस्त्रक्रियेखेरीज सहसा बाहेर येत नाहीत. चंदेरी झिरमिळ्यांचे मांजराशी असेच वैर आहे. दोऱ्यासारखी वस्तू गिळली गेली की तिची आतडी आवळली जातात. पेंढ्याजवळ मेणबत्तीही लावू नये. मांजराची शेपटी आणि उघडी ज्योत यांची गाठ पडायला क्षणही लागत नाही.

कुत्र्याच्या फराळाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. नाताळच्या केकमध्ये मनुका असतात आणि आनंदाच्या भरात घरातील एखादे मूल आपला तुकडा कुत्र्याला देते. देणाऱ्याचा भाव निर्मळ असतो, पण मनुका कुत्र्याला विषासमान आहेत. प्रथम उलट्या होतात आणि एकदोन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. याचे कारण अनेक वर्षे उलगडत नव्हते. 2021 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी द्राक्षातील टार्टरिक आम्लावर संशय व्यक्त केला. तेच आम्ल चिंचेत विपुल असते, म्हणून आमटीभात घालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. किती मनुका निभावून जातील याचा नेम नाही. एखाद्याने खाल्ल्याच, तर लक्षणांची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे. चॉकलेट, कांदा आणि शिजवलेली हाडेही देऊ नयेत. शिजल्यावर हाड ठिसूळ होते आणि त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या उडतात.

त्याऐवजी नाचणीचे पीठ, उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडे एकत्र मळावे. मीठ नको, साखर नको. जाडसर पोळी लाटून सुरीने चांदण्या कापाव्यात आणि मंद तव्यावर कडक होईपर्यंत भाजाव्यात. त्या हातात देण्यापेक्षा जुन्या लुगड्याच्या चिंधीत सैल गुंडाळून कोपऱ्याकोपऱ्यांत लपवाव्यात. कुत्र्याला खाण्याइतकाच हुंगून शोधण्याचा आनंद असतो. मात्र चिंधी सापडताच ती काढून घ्यावी. मांजरासाठी उकडलेल्या माशाचा काटे काढलेला, अळणी तुकडा पुरे.

गाईबकऱ्यांना सणाचा उरलेला भात किंवा मळलेले पीठ पोटभर घालणे ही माया नव्हे. एकाएकी इतके पिष्ट पोटात गेले की ते आंबते, आम्ल वाढते, पोट फुगते आणि जनावर दगावूही शकते. त्यांच्यासाठी ताजा चारा हीच मेजवानी. पाखरांसाठी मात्र सोपा उपाय आहे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये नाताळला ओटची पेंढी पक्ष्यांसाठी दाराबाहेर बांधतात. येथे भाताच्या लोंब्यांची जुडी ओट्याच्या वाशाला टांगावी.

मध्यरात्री घंटा आणि फटाके वाजू लागले की कुत्रे बिथरते. त्याला सायंकाळीच फिरवून आणावे आणि आतल्या खोलीत, ओळखीच्या गोधडीवर, दार लोटून ठेवावे. शक्य तर घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने त्याच्यापाशी थांबावे.

6 जानेवारीला तीन राजांचा सण होतो आणि गोठा उतरवला जातो. मूर्ती कापसात गुंडाळून पेटीत जातात, कामट्या पुढच्या वर्षासाठी माळ्यावर. पेंढ्यात टाचणी किंवा तार राहिली नाही ना, एवढे पाहून मुलांनी तो स्वतःच्या हाताने खऱ्या गव्हाणीत नेऊन घालावा.