शाळेच्या भिंती बोलक्या आहेत, पण पोरांना वाचता येतात काय?

यवतमाळ : जिल्हा परिषदेच्या शाळेत पाय ठेवला की रंगवलेल्या भिंती दिसतात. बाराखडी, पाढे, नकाशा, फळं, प्राणी. यांनाच 'बोलक्या भिंती' म्हणतात. पण त्यावरून पोरं खरंच शिकतात काय, हे फारसं कोणी पाहत नाही. भिंत कामाची व्हावी म्हणून चार गोष्टी पाहाव्या लागतात.

उंची : पहिलीतलं पोरगं साडेतीन-पावणेचार फुटांचं. छताजवळ लिहिलेली बाराखडी त्याच्या कामाची नाही. बोट ठेवून वाचता येईल, इतकी ती खाली हवी.

गर्दी नको : अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 24 लहान मुलांना कधी भरगच्च सजवलेल्या, तर कधी मोकळ्या वर्गात शिकवलं. सजवलेल्या वर्गात सुमारे 39 टक्के वेळ मुलांचं लक्ष भलतीकडेच होतं. मोकळ्या वर्गात 28 टक्के. चाचणीत सजवलेल्या वर्गात 42 टक्के, तर मोकळ्या वर्गात 55 टक्के उत्तरं बरोबर आली. प्रयोग लहान होता, पण फळ्याजवळची भिंत मोकळी ठेवावी, एवढं त्यातून घेता येतं.

बदल : ऑइलपेंटचं चित्र वर्षानुवर्षं तेच राहतं. मग पोरं तिकडे बघणंच सोडतात. त्यापेक्षा भिंतीच्या खालच्या पट्ट्याला काळा रंग द्यावा. तिथे पोरांनीच खडूने लिहावं, पुसावं, पुन्हा लिहावं. वर दोरी बांधून त्यांचे कागद चिमट्याने लावावेत. धडा बदलला की कागद बदलावा.

भाषा : आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट सगळ्यात मोठी. झरी जामणी, केळापूर, मारेगावच्या पोडांवर घरात कोलामी बोलतात. ती तेलुगू-गोंडीच्या नात्यातली भाषा, मराठीहून अगदी वेगळी. पुसद, दिग्रस, आर्णीच्या तांड्यांवर गोरमाटी चालते. अशा पोराला पहिल्या दिवशी शाळेतली मराठी परकीच वाटते. चित्राखाली आधी घरचा शब्द आणि मग मराठी शब्द लिहिला, तर ओळखीचा धागा मिळतो. घरचे शब्द सांगायला गावातली आजीच पुरेशी.

पालकांनी काय करावं? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. रंगकामाचा विषय निघाला की कोणता रंग एवढंच न विचारता, कोणत्या उंचीवर, काय आणि कोणत्या भाषेत, हेही विचारावं. आणि एकदा आपल्या पोराला भिंतीजवळ उभं करून म्हणावं, "वाचून दाखव बरं." खरं काय ते तिथेच कळेल.