बटरक्रीमचे फूल कशावर उभे राहते?



या टिपणात आपण घरच्या घरी कपकेकवर बटरक्रीमची फुले कशी काढायची ते पाहणार आहोत. कृती सोपी आहे, पण आमच्या लखनौमध्ये ती जानेवारीत जशी साधते तशी मे महिन्यात साधत नाही. माझा पहिला प्रयत्न मे महिन्यातलाच. शेवटच्या वर्षाच्या निरोप समारंभासाठी बारा कपकेकवर गुलाब काढले आणि क्रीम सैल वाटले म्हणून साखर वाढवत गेलो. सभागृहात पोहोचेपर्यंत गोडी तेवढी उरली, गुलाब बसले. चूक साखरेची नव्हती, तापमानाची होती.

१. बटरक्रीमची रचना

बटरक्रीम म्हणजे बटर, आयसिंग शुगर आणि फेटताना अडकलेली हवा. टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश असतो. साधारण २० अंश सेल्सिअसला त्यातला काही भाग घन स्फटिकांच्या रूपात आणि उरलेला द्रवरूप असतो. हे स्फटिक एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. थोडा ताण दिला तर जाळे हलत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे दाबले की क्रीम वाहते आणि दाब काढताच थांबते. या मर्यादेला ‘यील्ड स्ट्रेस’ म्हणतात. सोऱ्यातले चकलीचे पीठ आठवा: दाबले तरच बाहेर येते आणि चकतीच्या चांदणीचा आकार धरून ठेवते.

२. सोडवलेले उदाहरण

फूल ३ सेंमी उंच आहे आणि क्रीमची घनता ८०० किलो प्रति घनमीटर आहे असे धरू. तळाशी पडणारा ताण = घनता × गुरुत्वत्वरण × उंची = ८०० × ९.८ × ०.०३ = सुमारे २३५ पास्कल. फॉन मिसेस निकषानुसार याला √३ ने भागले की सुमारे १३६ पास्कल येतात. क्रीमचा यील्ड स्ट्रेस यापेक्षा कमी झाला की फूल स्वतःच्याच वजनाने बसते.

३. तापमानाचा परिणाम

बटर एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. तापमान वाढेल तसे स्फटिक हळूहळू कमी होतात आणि ३५ अंशांच्या आसपास जवळजवळ संपतात. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश, म्हणून बटर तोंडात विरघळते. लखनौत मे महिन्यात दुपारचा पारा ४० च्या वर जातो, म्हणून तेच बटर ताटातही विरघळते. ज्या गुणामुळे चव येते, त्याच गुणामुळे आकार जातो. इथल्या चौक भागात मिळणारी मक्खन मलाई फक्त हिवाळ्यात आणि सकाळीच का विकली जाते, याचे उत्तरही इथेच आहे. दुधाचा तो हलका फेस थंडीवरच टिकतो.

४. कृती (सुमारे सहा कपकेकसाठी)

• १०० ग्रॅम बिनमिठाचे बटर १८ ते २० अंशांवर आणा. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण पृष्ठभाग तेलकट चमकू नये.
• बटर फिकट होईपर्यंत फेटा. चाळलेली २०० ग्रॅम आयसिंग शुगर दोन-तीन वेळा विभागून घाला. लागलेच तर एक-दोन लहान चमचे थंड दूध घाला.
• कपकेक पूर्ण गार होऊ द्या. कोमट केकवर फूल टिकत नाही.
• पायपिंग बॅग अर्धीच भरा. तळहाताची ऊबही क्रीम सैल करते.
• चांदणीचे नोझल उभे धरून कडेकडून मध्याकडे फिरवा. दाब थांबवा आणि मगच नोझल उचला.
• गुलाबासाठी पाकळीचे नोझल घ्या, रुंद बाजू खाली ठेवा. पालथ्या वाटीवर बटर पेपर चिकटवून मध्ये सुळका काढा. त्याभोवती आधी तीन, मग पाच पाकळ्या काढा.

५. उन्हाळ्यात

गुलाब कागदासकट २० मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा आणि मग उचलून कपकेकवर बसवा. काम पहाटे करा, भरलेली बॅग मधूनमधून गार करा आणि कपकेक वाढायच्या थोडेच आधी बाहेर काढा. काही जण बटरऐवजी जास्त तापमानाला वितळणारे वनस्पती तूप वापरतात. फूल टिकते, पण क्रीम टाळूला चिकटून राहते. कोणता तोटा पत्करायचा हे तुम्ही ठरवा.

स्वाध्याय

१. एका वाटीत मावणाऱ्या पाण्याचे आणि त्याच वाटीत मावणाऱ्या क्रीमचे वजन करून क्रीमची घनता काढा.
२. त्या घनतेवरून ५ सेंमी उंच फुलासाठी किती यील्ड स्ट्रेस लागेल?
३. पावसाळ्यात फ्रीजबाहेर काढलेल्या फुलांवर पाण्याचे थेंब का जमतात?