कोळंबीच्या पिल्लांना घास भरवणारे फुजिनागा

कोळंबीच्या आधुनिक हॅचरीचा उगम जपानमधल्या क्यूशूजवळच्या आमाकुसा बेटांवर सापडतो. मोतोसाकु फुजिनागा (१९०३–१९७३) यांनी तिथे १९३०च्या दशकात 'कुरुमा' जातीच्या अंडी भरलेल्या माद्या टाकीत ठेवून पिल्ले मिळवली.

खरी कसोटी पिल्ले जगवण्याची होती. अंड्यातून निघालेला नॉप्लियस अंगातल्या बलकावर जगतो, त्याला बाहेरचे काही लागत नाही. पण दीड-दोन दिवसांत तो कात टाकत झोइया अवस्थेत शिरतो आणि तिथून सतत खा-खा! योग्य घास मिळाला नाही, तर टाकीच्या टाकी साफ. फुजिनागांनी स्केलेटोनेमा हे डोळ्यांना न दिसणारे शेवाळ वाढवून तो घास पुरवला. पुढच्या अवस्थांसाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाची पिल्ले कामी आली. या साऱ्या अवस्थांची नोंद करणारा त्यांचा प्रबंध १९४२ साली, ऐन महायुद्धात छापला गेला. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम तेच.

युद्धानंतर सरकारी नोकरी, मग ती सोडून १९६०च्या दशकात सेतो समुद्राकाठच्या जुन्या मिठागरांत व्यापारी शेती. त्यांच्याकडे शिकलेल्या तैवानच्या लियाओ यी-च्यू यांनी १९६८ मध्ये टायगर कोळंबीची पिल्ले वाढवून दाखवली.

आज कोकणातल्या तळ्यांत सोडले जाणारे कोळंबीचे बीजही, म्हणजे पिल्ले, अशा हॅचरीतूनच येते. जात मात्र बहुतेक ठिकाणी व्हेनामी, मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची.